जिन्यावरचा गालिचा : मधोमध लख्ख, कडेला काळा

लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या आईची बॅग कशी भरली जाते, ते सांगायला नकोच. डिंक, हळीव, खारकांची पूड, मेतकूट, बाळाची दुपटी, सगळं आठवणीनं जातं. पण तिथं गेल्यावर ज्या एका गोष्टीशी रोज गाठ पडणार असते, तिचा विचार कुणीच केलेला नसतो. ती म्हणजे घरातला जिना! इंग्लंडमधली पुष्कळशी घरं दुमजली. खाली स्वयंपाकघर नि बसायची खोली, वर झोपायच्या खोल्या, आणि या दोहोंना जोडणारा जिना बहुतेक वेळा पायथ्यापासून माथ्यापर्यंत गालिच्यानं मढवलेला. अमेरिकेतल्या उपनगरांतही हा प्रकार बराच दिसतो.

आपल्या हाताला सवय असते ती शहाबादी फरशीच्या, कोब्याच्या, फार तर वाड्यातल्या लाकडी पायऱ्यांची. वरच्या पायरीवर केरसुणी टेकवायची, केर खालच्या पायरीवर ढकलायचा, असं करत खाली आलं की केरभरणीत घेऊन टाकायचा आणि मग ओलं फडकं फिरवायचं. गालिच्यावर यातलं काहीच चालत नाही. केर पुढं जातच नाही, तो आत शिरतो. बरं, व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा, तर पायरीचा मधला भाग छान होतो आणि भिंतीलगतची दोन बोटं जागा जशीच्या तशी राहते. थोड्याच महिन्यांत तिथं करडी रेघ दिसायला लागते. पुढं ती काळी होते.

"आई, तुम्ही राहू द्या, शनिवारी हे करतील की!" असं सून म्हणते. सासूबाईंना मात्र ती रेघ जाता-येता टोचत असते. "अगं, शनिवारी मधलंच होतं. कडेचं कोण करतं?" हा संवाद कितीतरी घरांत होतो. आणि खरं सांगायचं तर यात सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, केवळ टापटिपीसाठी नव्हे.

कडेला काय काय साठतं?

जिन्याच्या मधून माणसं चालतात, म्हणून मधली धूळ हलत राहते. कडेला कुणाचा पाय पडत नाही. तिथं जे बसतं ते बसूनच राहतं. आपल्या अंगावरून झडणारे कातडीचे सूक्ष्म कण, केस, कपड्यांचे धागे, बिस्किटांचा चुरा, सारं तिथं जमतं. या कातडीच्या कणांवर जगणारे 'हाउस डस्ट माइट' नावाचे जीव इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागं मुख्यतः हे माइट आहेत, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिलं. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेमुळं. घरात कुणाला दमा असेल, किंवा रांगतं मूल जिन्याला हात टेकत वर चढू पाहत असेल, तर ही कडेची धूळ दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

दुसरा शत्रू कसर. गालिचा लोकरीचा असेल तर कपड्यांना लागते तशी कसर त्यालाही लागते. कापडी पतंगाच्या अळ्या आणि 'कार्पेट बीटल' या किड्याच्या केसाळ अळ्या, दोघींनाही अंधारी आणि कुणी न हलवलेली जागा आवडते. भिंतीलगतची कड म्हणजे त्यांचं हक्काचं घर. कडेनं गालिच्याला चट्टे पडलेले दिसले, बोटभर जागी लव उडालेली दिसली, की समजावं, इथं अळी आहे. नायलॉनच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या गालिच्याला ती सहसा लागत नाही.

आणि तिसरी ती काळी रेघ. पुष्कळजणींना वाटतं, ही बुरशी आहे किंवा आपण केर नीट काढला नाही. तसं नसतं. घरातली हवा सतत फिरत असते. पायऱ्यांच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीतून, दाराखालून ती आत-बाहेर जाते, आणि गालिच्याची कड त्या वाटेवर गाळणीसारखं काम करते. चहा गाळून झाला की गाळणीला चोथा चिकटतो ना, तसंच. हवेतले काजळीचे, तेलकट धुराचे अतिसूक्ष्म कण तिथं अडकतात. म्हणून ही रेघ बंद दारांखाली आणि भिंतीच्या कडेलाच उमटते. मेणबत्त्या जाळणाऱ्या घरांत ती लवकर दिसते. आता आपल्या घरांचं पहा. सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, निरांजन, मोहरी-हिंगाची फोडणी, महिन्यातून दोनदा पुऱ्या नाहीतर भजी, आणि थंडीमुळं खिडक्या सगळ्या बंद. मग गालिचा काळा होईल नाही तर काय! यावर उपाय म्हणजे उदबत्ती बंद करायची असं मुळीच नाही. फोडणी करताना चुलीवरचा पंखा आधी लावावा आणि नंतरही दहा मिनिटं चालू ठेवावा. देव जिन्याच्या पायथ्याशी मांडू नयेत. धूर वरच चढतो आणि जिना हे त्याचं धुराडं होतं.

एका पायरीला कडा किती?

साधन निवडण्याआधी पायरी नीट पाहून घ्यावी. तिच्या दोन बाजूच्या कडा भिंतीला किंवा कठड्याला लागून असतात. तिसरी कड आतली, जिथं पायरीचा आडवा भाग वरच्या पायरीच्या उभ्या भागाला मिळतो. चौथी पुढची, गोल ओठासारखी, जिच्यावर पाय घासून गालिचा सर्वांत आधी झिजतो. या प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. बाजूच्या कडेला हवा आहे नळीचा टोकदार जोर. आतल्या कडेला माती आणि केस घट्ट बसतात, त्यांना आधी उकरावं लागतं. पुढच्या ओठाला मात्र हलका हात हवा, तिथं कडक ब्रश घासत बसलं तर झीज वाढते.

एक इशारा अगदी महत्त्वाचा. जिन्यावरचा गालिचा पुष्कळदा 'ग्रिपर' नावाच्या लाकडी पट्टीवर ताणून बसवलेला असतो. ही पट्टी कडेला आणि आतल्या कोपऱ्यात गालिच्याखाली असते, आणि तिच्यातून बारीक, तिरके, अणकुचीदार खिळे वर आलेले असतात. म्हणून कडेच्या फटीत बोट घालून केर कधी काढू नये. सुरी, उलथन्याचं टोक, विणायची सुई असलंही काही खुपसू नये. गालिचा पट्टीवरून सुटला तर पायरीवर सैल पडतो, आणि सैल गालिच्यावरून पाय घसरला तर काय होईल, ते सांगायला नको.

मोठं तोंड इथं कामाचं नाही

इंग्लंडच्या बांधकाम नियमांप्रमाणं घरगुती जिन्याची पायरी जास्तीत जास्त २२० मिलिमीटर उंच आणि पाऊल ठेवायला कमीत कमी २२० मिलिमीटर खोल असावी लागते. म्हणजे खोली जेमतेम पावणेनऊ इंच. शंभर-सव्वाशे वर्षांच्या जुन्या घरांतले जिने तर याहूनही उभे. अशा पायरीवर जमिनीसाठीचं रुंद तोंड सरळ बसतच नाही, आडवं धरावं लागतं. शिवाय त्याचा फिरता ब्रश तोंडाच्या अगदी काठापर्यंत पोचत नाही, दोन्ही टोकांना थोडी जागा सोडतो. ती सोडलेली जागाच पुढं काळी रेघ होऊन दिसते. यंत्र कितीही महाग असलं तरी हे चुकत नाही.

म्हणून नवं यंत्र घेण्याआधी, घरात आहे त्या यंत्राबरोबर आलेली लहान तोंडं शोधून काढावीत. बहुतेक घरांत ती जिन्याखालच्या कपाटात, खोक्यात पडलेली असतात आणि कुणी हात लावलेला नसतो.

त्यातली सर्वांत उपयोगी ती लांब, चपटी, तोंडाशी तिरकी कापलेली नळी. तिला क्रेव्हिस टूल म्हणतात. तोंड अरुंद म्हणून ओढ जोरात लागते. ती भिंतीला चिकटवून, कडेकडेनं सावकाश ओढायची. सावकाश हा शब्द मुद्दाम लिहिते आहे. आपण भराभर पुढंमागं करतो, तेवढ्यात धूळ सुटायला वेळच मिळत नाही. नळी दोनदा फिरवावी, एकदा वरून खाली आणि एकदा उलटी. हिच्या पुढं बसणारा लहान ब्रश मिळत असेल तर फारच छान.

दुसरं साधन म्हणजे हाताएवढं छोटं तोंड, ज्यात फिरता ब्रश असतो. सोफ्यासाठी, जिन्यासाठी म्हणून ते देतात. कुत्र्या-मांजराचे केस असतील तर याला तोड नाही. काहींचा ब्रश हवेच्या ओढीवर फिरतो, काहींना स्वतंत्र मोटार असते. हवेवर फिरणारा गालिच्यावर दाबला की अडतो, तेव्हा मोटारवालं बरं, असं माझं मत. पण एक पाहायचं. गालिच्याची लव कापलेली आहे की धाग्याचे फासे तसेच ठेवलेले आहेत? फाशांच्या गालिच्यावर फिरता ब्रश चालवू नये. एखादा फासा अडकून उसवला की मोज्यासारखी रेघच्या रेघ निघते.

तिसरं अगदी साधं. कडक केसांचा हातब्रश. कपडे घासायचा ब्रश असतो ना, तसलाच, पण कोरडा आणि फक्त याच कामासाठी ठेवलेला. यंत्र लावण्याआधी आतला कोपरा आणि बाजूची कड यानं बाहेरच्या दिशेनं उकरून घ्यायची, म्हणजे घट्ट बसलेली माती मोकळी होते. गालिचा लोकरीचा असेल तर ब्रश फार राठ नको. तारेचा ब्रश तर कुठल्याच गालिच्यावर नको.

आणि चौथं तर जवळजवळ फुकटचं! भांडी घासायचे रबरी हातमोजे. हातात घालून गालिच्यावरून एकाच दिशेनं हात ओढला की केस आणि धागे वळकट्या होऊन वर येतात. यंत्राला न ओढवणारे केससुद्धा रबर ओढून आणतं. मोजा किंचित ओलसर असला तर आणखी छान. कडेच्या फटीजवळ मात्र हात सपाट ठेवा, खिळ्यांचं मघाशी सांगितलंच आहे.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, इथून एक फुलझाडू न्यावा. तो नेऊ नये. एक तर नवा फुलझाडू स्वतःच भुसा गाळतो, तो फरशीवरून निघतो, गालिच्यातून निघता निघत नाही. दुसरं असं, की गवता-काडीच्या वस्तू कित्येक देशांत विमानतळावर दाखवाव्या लागतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड याबाबतीत फार कडक आहेत, न सांगता नेल्या तर दंड होतो.

हे यंत्र आलं कुठून, त्याचीही गंमत आहे. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ ओढणारं जे यंत्र केलं, ते घोडागाडीवरून दारात यायचं आणि लांबच लांब नळ्या खिडकीतून घरात सोडल्या जायच्या. हातात धरता येईल असं विजेचं यंत्र तयार केलं ते अमेरिकेत, ओहायोतल्या कँटन गावी, एका दुकानाची झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर यांनी. झाडताना उडणाऱ्या धुळीनं त्यांचा दमा उसळायचा. १९०७ मध्ये त्यांनी पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून आपल्यापुरती सोय केली, १९०८ मध्ये पेटंट मिळालं, आणि पुढं ते हूव्हर यांच्याकडं गेलं. त्याच्याही आधी, १८७६ मध्ये, मेलव्हिल बिसेल यांनी विजेशिवाय चालणारा गालिचा झाडायचा गाडा काढला होता. १८८९ मध्ये ते वारले आणि कारखान्याची सूत्रं पत्नी ॲना बिसेल यांनी हातात घेतली. त्या काळी एखाद्या बाईनं एवढा कारखाना चालवावा, ही काही लहान गोष्ट नव्हे!

यंत्र नवंच घ्यायचं असेल तर

जाहिरातीतल्या वॅटच्या आकड्याला भुलू नये. युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०१७ पासून नव्या यंत्रांना ९०० वॅटची मर्यादा घातली. जास्त वॅट म्हणजे जास्त वीज, जास्त ओढ असेलच असं नाही. जिन्यासाठी पाहायचं ते वेगळं. यंत्र एका हातानं उचलवतं का? नळी किती लांब ताणली जाते? लहान तोंडं बरोबर येतात की वेगळे पैसे पडतात? बॅटरीचं, दोरीविना चालणारं यंत्र जिन्याला फार सोयीचं, दोरी पायात येत नाही. पण पूर्ण जोरावर लावलं तर त्याची बॅटरी काही मिनिटांतच उतरते, तेव्हा कडा आधी उरकाव्यात आणि मधला भाग मागून करावा. घरात दमेकरी असेल तर हेपा गाळणीचं यंत्र पाहावं. अमेरिकी व्याख्येप्रमाणं ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. साध्या यंत्रातून बारीक धूळ मागच्या बाजूनं परत खोलीत येते. दमा ज्याला आहे त्यानं स्वतः हे काम करू नये, आणि झाल्यावरही थोडा वेळ तिकडं फिरकू नये. एवढं करूनही माइट समूळ जात नाहीत, ते लवेच्या मुळाशी घट्ट धरून असतात. मुलाला त्रास फारच होत असेल तर डॉक्टरांना विचारून गालिचाच काढून टाकायचा विचार करावा लागतो.

इथून यंत्र नेण्याचा विचारही नको. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची.

बसून, एकेक पायरी

आता सर्वांत महत्त्वाचं. गुडघे दुखणाऱ्या बायकांनी तर हे दोनदा वाचावं. एका हातात जड यंत्र, दुसऱ्या हातात नळी, आणि कठडा धरायला हातच नाही, अशा अवस्थेत जिन्यावर कधीही उभं राहू नये. यंत्र वरच्या पायरीवर ठेवून स्वतः खाली थांबणं तर फारच धोक्याचं, नळी ओढली की ते अंगावर येतं. यंत्र नेहमी आपल्या खाली, जिन्याच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवावं आणि नळी वर न्यावी. खालून नळी पुरत नसेल तर वरच्या निम्म्या पायऱ्या हातब्रशनं आणि हातातल्या छोट्या यंत्रानं कराव्यात.

बसून काम करावं. वरच्या पायरीवर बसायचं, पायाखालची पायरी झाडायची, मग एक पायरी खाली सरकायचं. कोरड्या ब्रशचं काम असं वरून खाली, कारण धूळ खालीच पडते. साडीचा पदर नि निऱ्या नीट खोचाव्यात. नुसत्या पायमोज्यांनी गालिच्यावर चढउतार करू नये, थंडी म्हणून सगळेच मोजे घालतात आणि तेच घसरतात. बाळ जागं असताना हे काम काढूच नये. आणि एका दमात सगळा जिना झालाच पाहिजे, असं कुठं आहे? आज वरच्या सहा, उद्या खालच्या सात. मधला भाग आठवड्याला, कडा महिन्याला एकदा. रांगतं मूल असेल तर दोनदा.

काळी रेघ धुताना

ती कोरड्या यंत्रानं जात नाही, कारण कण तेलकट असतात. आधी कडा पूर्ण झाडून घ्यायच्या. मग गालिचा कशाचा आहे ते पाहायचं. शंका असेल तर कडेचा एक सुटा धागा चिमट्यात धरून, बेसिनवर, काडीनं पेटवून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा तसलंच काही.

भांड्यांच्या सौम्य द्रव साबणाचे दोन-चार थेंब वाटीभर पाण्यात घालावेत, लोकर असेल तर पाणी गार. पांढरं फडकं त्यात बुडवून घट्ट पिळावं आणि रेघेवर टिपत जावं. घासू नये. फडक्यावर काळं आलं की दुसरी घडी. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्यानं टिपून कोरड्या पंचानं दाबून ओल काढायची. धुण्याचा सोडा, ब्लीच लोकरीला मुळीच नको. पहिला प्रयोग न दिसणाऱ्या कोपऱ्यात करावा. पाणी फार झालं तर खालचे खिळे गंजतात आणि काळ्या रेघेच्या जागी तांबूस डाग येतो. तागाचे किंवा सिसालचे गालिचे तर ओले करूच नयेत. हळदीच्या डागावर साबण लागला तर तो लाल होतो, हे तुम्हाला मी काय सांगावं! वर्षानुवर्षांची रेघ पूर्ण जाईलच असं नाही, पण फिकी नक्की होते.

गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरून झाडायची एक पद्धत आहे. वास जातो हे खरं, पण इतकी बारीक पूड यंत्राची गाळणी तुंबवते. सांडलेलं पीठ, रांगोळी यांचंही तेच, आधी पत्त्याच्या कडेनं गोळा करून उचलावी.

अलीकडं आपल्याकडेही रो-हाउसच्या जिन्यावर गालिचा घालायची हौस दिसते. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत एक वेळ ठीक. मुंबईत नि कोकणात, जिथं पावसाळ्यात चपलांनासुद्धा बुरशी येते, तिथं मी तरी ही हौस करणार नाही. फार तर काढून उन्हात टाकता येईल अशी मधली पट्टी घालावी.

इंग्लंडात मुलं भाड्याच्या घरात राहत असतील तर आणखी एक. २०१९ च्या कायद्यानं, घर सोडताना अमुक कंपनीकडूनच सफाई करून घ्या, अशी सक्ती तिथल्या घरमालकाला करता येत नाही. घर मिळालं तितकं स्वच्छ मात्र परत द्यावं लागतं. म्हणून राहायला जातील त्याच दिवशी जिन्याच्या कडांचे जवळून फोटो काढून ठेवायला सांगा, तारखेसकट.